माशाच्या डोळ्यातला मोती

मी मूळची कळसाडीची, नंदुरबार जिल्ह्यातली. शहाद्याला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्याला आता तेवीस वर्षं होतील. या वर्षांत पुस्तकं बदलली, परीक्षेची पद्धत बदलली, पण एक विषय मी अभ्यासक्रमात नसतानाही सोडला नाही. डोळ्यातलं भिंग घडतं कसं, आणि ते घडताना पेशी स्वतःच्याच प्रथिनांवर खुणा का लावत बसते? या एका प्रश्नाने मला घरच्या माणसांकडेही वेगळ्या नजरेने बघायला शिकवलं. जे कळलं, ते ज्या क्रमाने कळलं त्या क्रमाने लिहिते आहे.

१. मोतीबिंदू बाहेरून येऊन बसत नाही

लहानपणी प्रकाशाहून तापीची मासळी घरी यायची. रश्श्यात शिजलेल्या डोक्यातून, डोळ्याच्या जागेतून एक पांढरी टणक गोळी निघायची. आम्ही भावंडं तिला मोती म्हणायचो. मी त्या गोळ्या धुऊन काडेपेटीत जमवायची. त्याच सुमारास आमच्या आजीची, म्हणजे मोठ्या मायची नजर गेली. ती ओट्यावर बसून म्हणायची, “माले धुईधुई दिखस, बेटा.” तिच्या बाहुलीत निरखून पाहिलं की आत पांढरट काहीतरी दिसायचं. मी विचारलं, “माशाचा मोती तुझ्या डोळ्यात कसा गेला?” सगळे हसले. उत्तर कोणी दिलं नाही.

उत्तर बारा-तेरा वर्षांनी, एम.एस्सी.च्या वर्गात मिळालं. प्रश्न अगदी बरोबर होता. ती गोळी म्हणजे माशाचं भिंग. जिवंतपणी ते काचेसारखं आरपार असतं. त्यात क्रिस्टलिन नावाची प्रथिनं दाटीवाटीने भरलेली असतात. पातेल्यातल्या उकळीने ती काही मिनिटांत एकमेकांना चिकटली आणि गोळी पांढरी झाली, उकडल्यावर अंड्याचा पारदर्शक भाग होतो तशीच. मोठ्या मायच्या डोळ्यात तेच घडलं, पण साठ-सत्तर वर्षं घेऊन. गावात आजही लोक म्हणतात की डोळ्यावर पडदा आला. पडदा वगैरे काही येत नाही. मुळात स्वच्छ असलेलं आपलंच भिंग गढूळ होतं.

२. आरपार दिसावं म्हणून पेशीला आतलं घर रिकामं करावं लागतं

दरवर्षी जुलैत मी खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणते. मुलं आधी नाक दाबतात. ब्लेडने बुबुळाच्या कडेने चीर दिली, हलकं दाबलं, की भिंग सुळकन बाहेर येतं. बोराएवढं, तळहातावर थंड आणि निसरडं. ते वर्तमानपत्रावर ठेवायला सांगते. खालची अक्षरं मोठी दिसू लागतात आणि वर्ग एकदम गप्प होतो. तो क्षण मला तेवीस वर्षांत जुना झालेला नाही.

मग दुसरं भिंग उकळत्या पाण्यात टाकते. ते पांढरं होतं, वर तीन फाट्यांची भेग पडते आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. हे पापुद्रे म्हणजे पेशींचे थर. एकेक पेशी लांबलचक, चपट्या फितीसारखी. भिंगाच्या पुढच्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. त्याच्या कडेला त्या विभागतात, मग विभागणं थांबवतात, वळतात, ताणून लांब होतात आणि जुन्या थरावर नवा थर म्हणून बसतात. हे जन्मभर चालू असतं आणि जुना थर कधीच टाकला जात नाही. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या भिंगाचा गाभा त्यांच्या आईच्या पोटात तयार झालेला असतो. त्यांच्या शरीरातली इतकी जुनी वस्तू फार थोडी असेल.

आता अडचण बघा. साध्या पेशीत केंद्रक असतं, तंतुकणिका असतात, आंतर्द्रव्यजालिका असते. प्रकाश यातल्या प्रत्येकावर आपटून विखुरतो. भिंगात रक्तवाहिन्या नसतात त्याचं कारणही तेच. म्हणून भिंगाच्या आतल्या बाजूची पेशी ही सगळी अंगकं विरघळवून टाकते. केंद्रकसुद्धा! आत उरतात ती फक्त गच्च भरलेली, एकसारखी मांडलेली क्रिस्टलिन. भिंगाच्या वजनाचा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग प्रथिनांचाच असतो. शरीरात दुसरीकडे कुठे एवढी दाटी नाही.

३. काय काढायचं ते ठरवायला खूण लागते

पेशीने घर रिकामं केलं म्हटलं, की पुढचा प्रश्न मुलंच विचारतात. काय ठेवायचं आणि काय फेकायचं, हे तिला कळतं कसं? त्याचं उत्तर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनात आहे. ७६ अमिनो आम्लांची ही साखळी. यीस्टपासून माणसापर्यंत ती जवळजवळ सारखीच आहे. जे प्रथिन काढायचं, त्याच्या लायसिन या अमिनो आम्लावर ती डकवली जाते. एकावर एक अशी किमान चार युबिक्विटिनची विशिष्ट माळ लागली, की पेशीतलं प्रोटिआसोम नावाचं यंत्र त्या प्रथिनाला आत ओढून त्याचे तुकडे करतं.

ही खूण समजावण्यासाठी मी बरीच वर्षं आधारचं उदाहरण द्यायचे. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, तेव्हा ही आमच्या भागातली अभिमानाची गोष्ट. नंबर म्हणजे खूण, एवढं मुलांना पटकन कळायचं. पण उदाहरण अर्धंच लागू पडायचं. आधारने माणूस ओळखला जातो, इथे तर खूण लागलेलं संपवलं जातं. एका वर्षी धडगावच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, “मॅडम, जंगलात साहेब झाडावर मार्किंग करतात, मग तेच झाड तुटतं. तसं का?” अगदी तसंच. खूण करणारा वेगळा, तोडणारा वेगळा. तोडणारा झाडाची जात विचारत नाही, खूण बघतो. त्या दिवसापासून मी त्याचंच उदाहरण देते.

खूण करण्याचं कामही तीन हातांनी होतं. पहिलं विकर एटीपीची ऊर्जा खर्चून युबिक्विटिनला तयार करतं, दुसरं ते वाहून नेतं, तिसरं नेमकं प्रथिन शोधून त्यावर लावतं. माणसात पहिल्या प्रकारची विकरं अगदी मोजकी, दुसऱ्या प्रकारची काही डझन, आणि तिसऱ्या प्रकारची सहाशेच्या वर. सगळी पारख या तिसऱ्याच्या हातात आहे. प्रथिनाचे तुकडे झाले तरी युबिक्विटिन वाया जात नाही, ते सोडवून पुन्हा वापरलं जातं. आणि एकटी खूण लागली, किंवा माळ वेगळ्या पद्धतीने गुंफली, तर तिचा अर्थ “तोडा” असा नसतो. जागा बदल, काम बदल, असेही निरोप त्यातून जातात.

४. आधी थांबायचं, मग रिकामं व्हायचं. हा क्रम चुकला की भिंग गेलं

या विषयातलं मला सर्वांत जास्त भावलेलं हेच. भिंगाच्या कडेवरची पेशी विभागत असते. तिला तंतू व्हायचं तर आधी विभागणं थांबवावं लागतं. विभागणीला पी२७ नावाचं प्रथिन ब्रेकसारखं आवरतं. असे ब्रेक लागू नयेत म्हणून पेशीत काही प्रथिनं अडून बसलेली असतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पेशीविभाजनात महत्त्वाचं काम करणारं एपीसी हे खूण लावणारं संकुल भिंगाच्या पेशीत स्नोएन या प्रथिनावर खूण लावतं. स्नोएन तुटलं की पी१५ आणि पी२१ हे पी२७चे सोबती वाढतात, पेशी विभागणं सोडते आणि लांब व्हायला लागते. म्हणजे पहिली खूण ब्रेक लावण्यासाठी.

पण पी२७चा ब्रेक पुढे काढावा लागतो. केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं. पेशी विभागताना सीडीके१ हे विकर ते अस्तर सैल करतं. भिंगाची पेशी पुढे कधीच विभागणार नसते, तरी केंद्रक मोडण्यासाठी ती तेच जुनं हत्यार वापरते. आणि पी२७ जागेवर असेल तर सीडीके१ला काम करता येत नाही. तेव्हा आता पी२७वरच खूण लागून ते तुटलं पाहिजे.

हे कसं कळलं? बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅलन टेलर यांच्या गटाने भिंग आणि युबिक्विटिन यांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी उंदराच्या भिंगात एक बदललेलं युबिक्विटिन घातलं. ७६पैकी फक्त सहाव्या जागेवरचं लायसिन काढून तिथे ट्रिप्टोफॅन. ही खूण लागते, पण पुढचं तोडण्याचं काम रेंगाळतं. २०१६ साली त्यांनी दाखवलं, की अशा भिंगात पी२७ साचून राहतं, केंद्रक आतच अडकतं आणि उंदराला मोतीबिंदू होतो. एका अमिनो आम्लाच्या फरकाने!

ब्रेक निघाल्यावर बाकी सामान कोण उचलतं, तेही हळूहळू समजलं. केंद्रकातला डीएनए फोडायला भिंगात एक खास विकर असतं, डीएनएज दोन बीटा. हे २००३ साली जपानमध्ये उंदरांवर सिद्ध झालं. ते नसलं की डीएनएचे गोळे आत राहतात आणि भिंग गढूळ होतं. तंतुकणिकांसारखी अंगकं विरघळवायला पीएलएएटी या गटातली विकरं लागतात. २०२१ साली टोकियोच्या नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने ते झेब्राफिश आणि उंदरांत दाखवलं. अंगकं काढण्याचं काम स्वभक्षण, म्हणजे पेशीची नेहमीची सफाई करत असेल, असं पूर्वी बऱ्याच जणांना वाटत होतं. भिंगाची वाट निराळी निघाली.

मी हे फळ्यावर काढते तेव्हा पी२७ला दोनदा गोल करते. एकदा हिरव्या खडूने, एकदा लाल. परीक्षेत यातलं काही येत नाही. तरी मुलं ते वहीत उतरवून घेतात.

५. रिकामी पेशी मेलेली नसते

पहिली काही वर्षं मी वर्गात सांगायचे, की भिंगातल्या आतल्या पेशी मृत असतात. ही माझी चूक होती. मी ती पुढच्या बॅचला तर सांगितलीच, पण जुन्या दोन-तीन विद्यार्थ्यांना भेटल्यावर मुद्दाम दुरुस्त केली. या पेशींना केंद्रक नाही, नवं प्रथिन बनवता येत नाही, तरी त्या शेजारच्या पेशींशी जोडलेल्या असतात. आयन, पाणी, ग्लुकोज यांची देवाणघेवाण सुरू असते. फक्त काही बिघडलं तर दुरुस्तीचं साहित्य नव्याने आणता येत नाही. जे क्रिस्टलिन गर्भात भरलं, तेच शेवटपर्यंत पुरवायचं. त्यातलं अल्फा क्रिस्टलिन बिघडलेल्या शेजाऱ्यांना धरून ठेवतं, गुठळी होऊ देत नाही. वय वाढतं तसं तेही संपत जातं.

६. आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना हे पटकन समजतं

कारण तांबडी पेशी त्यांना माहीत असते. नंदुरबारमध्ये सिकलसेल आहे, घरोघरी कोणाची तरी तपासणी झालेली असते. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं हे मुलं पुस्तकाआधी शिकतात. मी त्यांना सांगते, शरीरात केंद्रक टाकून देणाऱ्या पेशी मोजक्याच आहेत, त्यातली एक रक्तात, दुसरी डोळ्यात. तांबडी पेशी केंद्रक बाहेर ढकलते आणि साधारण १२० दिवस जगते. भिंगाची पेशी ते आतच विरघळवते आणि माणसाइतकी जगते.

खुणेचा शोधही कोवळ्या तांबड्या पेशींतच लागला. इस्राएलमधल्या हैफाचे अव्राम हर्शको आणि त्यांचे विद्यार्थी आरॉन चिकॅनोव्हर यांनी सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा अर्क वापरला आणि अमेरिकेच्या अर्विन रोझ यांच्यासोबत हे कोडं उलगडलं. तिघांना २००४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा बहुतेक लोकांचं लक्ष प्रथिनं बनतात कशी याकडे होतं. ती मोडतात कशी, ते हे तिघे शोधत बसले.

७. भिंग घडतं तेव्हा आईला अनेकदा दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात कातडी होणारा थर एका जागी जाड होतो, आत वळतो आणि त्याची पुटकुळी तुटून भिंगाची सुरुवात होते. सातव्या आठवड्याच्या सुमारास मागच्या पेशी लांब होऊन ती पोकळी भरून टाकतात. वर लिहिलेलं सगळं, थांबणं, खुणा, रिकामं होणं, त्या दिवसांत सुरू होतं. या काळात आईला रुबेला झाला तर विषाणू भिंगापर्यंत पोचू शकतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांनी जन्मजात मोतीबिंदू आणि आईच्या रुबेलाचा संबंध पहिल्यांदा दाखवला. त्यांच्याकडे येणाऱ्या आयांचं बोलणं त्यांनी नीट ऐकलं म्हणून तो लागला. गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे आता नऊ महिन्यांच्या बाळाला आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. अंगणवाडीत मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस वेगळा. तो बुबुळाला आणि रात्रीच्या नजरेला जपतो, भिंगाला नाही. दोन्ही हवेत.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं. चाळीस दिवसांचं बाळ. मी मांडीवर घेतलं, दिव्याकडे वळवलं, आणि उजव्या बाहुलीत मला तो पांढरा ठिपका दिसला. काडेपेटीतला मोती. घरात कोणीतरी म्हणालं, “आत्या, मोठा होईल तसं जाईल.” एका ठिकाणी आधी दाखवलं होतं, तिथेही सहा महिन्यांनी या म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी समजावलं, की दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या सहा-आठ आठवड्यांत काढला तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतो. उशीर झाला तर भिंग काढूनही नजर नीट येत नाही. शस्त्रक्रिया वेळेत झाली. आज तो पहिलीत आहे, जाड चष्मा लावतो, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायला अजून कुरकुरतो.

८. गढूळ झालेलं भिंग थेंबांनी निवळत नाही

मोठ्या मायने तीन वर्षं थेंब घातले. कोणी मध सांगितला, कोणी बाजारातली बाटली आणून दिली. शिवाय “मोती पिकू द्या” हा सल्ला होताच. पूर्वीच्या शस्त्रक्रियेला तशी वाट बघावी लागायची. आता लागत नाही. उलट फार पिकलेलं भिंग फुगतं, डोळ्यातला दाब वाढवतं आणि नजर कायमची जाऊ शकते. एकदा चिकटलेली प्रथिनं सोडवून भिंग पुन्हा स्वच्छ करील असा सिद्ध झालेला थेंब आजवर नाही. ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणं हाच उपाय, आणि तो चांगला आहे. मोठ्या मायचं ऑपरेशन अखेर एका शिबिरात झालं. पट्टी सुटल्यावर तिने आधी सातपुड्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि विचारलं, “इतकी बारीक कशी झालीस?”

आपल्या देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरी २०१५ ते २०१९ मधल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचाच निघाला. म्हणजे तीनपैकी दोन माणसांचं अंधत्व टळू शकणारं होतं.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. शेतात कापूस वेचायला जाताना डोक्यावर कडेची टोपी किंवा पदर पुढे ओढून घ्या. चुलीचा धूर घरात कोंडू देऊ नका. तंबाखू, विडी सोडा. साखर तपासा. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि ते फार दिवस घातलं तर त्यानेच मोतीबिंदू होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने धुईधुई दिसतं म्हटलं, की त्याच आठवड्यात तपासणीला न्या. आणि घरात बाळ आलं, की बारशाच्या आत एकदा त्याला उजेडाकडे वळवून दोन्ही बाहुल्या नीट पाहा. एक जरी पांढरी दिसली, तर सहा महिने थांबू नका, दुसऱ्या दिवशी निघा.